म्हशीच्या जागेवर टायर

आमच्या घरी टायर काढायचं यंत्र आहे, हे मी लातूरच्या ऑफिसात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आमचं पंक्चरचं दुकान असणार. दुकानबिकान काही नाही. हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यात आमचं शेत आहे, कापूस आणि सोयाबीन असतं, आणि अंगणात एक जुनी जीप उभी असते. उभी असते असं म्हणते, कारण तिचं निम्मं आयुष्य चाकाखाली दगड लावून उभं राहण्यातच गेलं आहे. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता असा की चालत गेलं तर चप्पल तुटते. टायरचं तर विचारूच नका.

चाक खोलायचं, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून ते मांडीवर घ्यायचं, फाट्यावर जायचं, पंक्चरवाल्याचा चहा होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा मांडीवर घेऊन यायचं, हा बाबांचा ठरलेला कार्यक्रम होता. पंक्चरवाला त्यांना लांबूनच बघून हसायचा. त्या हसण्याचा बाबांना भारी राग. शेवटी नांदेडच्या एका दुकानदारानं विजेवरचं मशीन घेतलं आणि जुनं हातमशीन विकायला काढलं, ते बाबा जीपमध्ये घालून घरी घेऊन आले. लग्नातली नवरी आणावी तसे हळूहळू, खड्डे चुकवत आले.

तीन पायांचा, गुडघ्याएवढा लोखंडी सांगाडा. मधोमध उभा दांडा आणि बाजूला एक लांब हात. चाक आडवं ठेवून दांड्यात अडकवायचं, वरून आवळायचं, बाजूचा हात दाबून टायरची कड रिमपासून सुटी करायची. मग एक लांब पहार टायर आणि रिमच्या मधे घालून, मधल्या दांड्याला टेकवून, गोल फिरत जायचं. फिरत जाल तशी कड वर येते. यंत्र आलं त्या दिवशी बाबा चाक न लावता नुसतेच तसे फिरून बघत होते, तेव्हा आई दारात गहू निवडत बसली होती. तिनं सुपातून नजरही न उचलता मला सांगितलं, "बघ गं, घाण्याला बैल जुंपला." तेव्हापासून त्या यंत्राला आमच्या घरात घाणा म्हणतात. बाबासुद्धा म्हणतात.

आई हे मला म्हणाली, बाबांना नाही, कारण तेव्हा दोघांचा अबोला होता. त्याचं कारण म्हैस.

ती म्हैस आईची होती. माहेराहून आलेल्या म्हशीची वगार आईनं स्वतःच्या हातानं वाढवली होती. बाबांशी बोलायची नाही एवढं ती त्या म्हशीशी बोलायची. एकदा आई मावशीच्या नातवाच्या बारशाला हिमायतनगरला गेली आणि तेवढ्यात बाबांनी म्हैस विकून जीप आणली. आई परत आली, गोठ्यातला रिकामा खुंटा बघितला, अंगणातली जीप बघितली आणि पिशवी घेऊन सरळ घरात गेली. या जीपमध्ये मी मेल्यावरसुद्धा बसणार नाही, असं तिनं मला सांगितलं. बाबा शेजारीच उभे होते.

म्हैस गेल्याचा राग होताच. पण खरा राग होता तो विचारलं नाही याचा. बाबांनाही ते कळत होतं, मी शपथेवर सांगते. पण आमचे बाबा म्हणजे असे की पायात काटा मोडला तरी दगडालाच दोष देतील. सुरुवातीला भांडणं झाली. ती कधी पुरी मात्र झाली नाहीत. दुसऱ्या वाक्याला बाबा उठून शेताची वाट धरायचे, नाहीतर आई घागर उचलून बाहेर पडायची. भांडण तिथंच अर्धवट लटकायचं. पुढे पुढे भांडणंही बंद झाली.

आमच्याकडे जुन्या वळणाची माणसं नवऱ्याला किंवा बायकोला नावानं हाक मारत नाहीत. लेकराच्या नावानं हाक मारतात, लेकराच्या आडून बोलतात. त्यामुळे अबोला धरणं फार सोपं जातं. मधे लेकरू असलं की झालं, घर बिनबोभाट चालतं. आमच्या घरातलं ते लेकरू मी, एकुलती एक आणि लग्नाचं वय झालेली. "तुझ्या बापाला म्हणावं, बियाणं आणायचं हाय." "तुझ्या आईला सांग, आणलंय." दोघं एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून. मी मधे बसून नुसतं "आई, आणलंय" आणि "बाबा, कुठं ठेवलंय" करत राहायची. कधी कधी डोक्यात तिडीक जायची. म्हणायची, तुम्हाला दोघांना कान नाहीत का? त्यावर दोघंही माझ्याचकडे रागानं बघायची. तेवढ्या बाबतीत त्यांची एकी होती.

तर घाणा आला. त्याचे पाय बोल्टनं जमिनीत पक्के करायचे असतात, नाहीतर पहार फिरवताना चाकासकट सांगाडाच फिरतो. आमचं अंगण शहाबादी फरशीचं. बाबांनी मोठ्या हौसेनं फरशीला भोकं पाडली, बोल्ट ठोकले, वर सिमेंट भरलं आणि त्याला पाणी मारत बसले. नंतर पहिल्याच टायरला जोर लावला तर टायर जागचं हललं नाही, अख्खी फरशी वर आली. खाली आमची काळी माती, ती कशाला धरून ठेवणार. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो आणि पावसाळ्यात फरशा डुगडुगतात, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण यंत्र डोक्यात शिरलं की माणूस मातीला विसरतो. बाबा पहार हातात घेऊन त्या उचकटलेल्या फरशीकडे बघत राहिले. आई घरातून मोठ्यानं म्हणाली, "विचार गं त्याला, टायर काढून राहिला का फरशी?"

मी हसले, म्हणून बाबा माझ्याशीही तासभर बोलले नाहीत.

मग पक्की जागा शोधायची वेळ आली. आमच्या घरात खरा जाड कोबा एकाच ठिकाणी होता, गोठ्यात, म्हशीच्या खुंट्यापाशी. म्हैस खुरांनी सगळं उकरायची म्हणून बाबांनीच तिथं दगड भरून हातभर कोबा केला होता. दुसरा इलाज नव्हता. बाबांनी घाणा तिथं बसवला, शेजारीच गव्हाण, मागं रिकामा खुंटा. आई दारातून ते बघत होती. काही बोलली नाही, मलाही नाही. मला वाटलं, आता हा अबोला आणखी काही वर्षं चालणार. तेव्हापासून आई गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत गेली नाही. झाडायचं झालं तर मी झाडायची.

घाण्यावर मदतीलाही मीच. टायर काढणं सोपं असतं, घालणं अवघड. सगळी कड आत जाते आणि शेवटचा वीतभर तुकडा असा अडून बसतो की भले भले हात टेकतात. तिथं ताकद लावून उपयोग नसतो. रिमच्या मधे एक खोलगट भाग असतो. समोरच्या बाजूची कड कुणीतरी दाबून त्या खोलगट भागात उतरवून धरायची, तेव्हा इकडे तेवढी सूट मिळते आणि अडलेला तुकडा आत जातो. दाबणाऱ्यानं जरा ढिलं सोडलं की केलेली सगळी मेहनत उसळून बाहेर. मी टायरवर गुडघा रोवायची, बाबा समोरून पहार ओढायचे. "दाब." "दाबलंय." "सोडू नको." "नाही सोडत, ओढा तुम्ही." साबणाच्या पाण्यानं कड बुळबुळीत करायची असते, म्हणून आईचा कपड्याचा साबण रोज झिजायचा आणि मला रोज बोलणी बसायची.

आणि तेवढ्यात लातूरची नोकरी आली. एका डाळ मिलच्या ऑफिसात हिशेबाचं काम. हदगावात मी एका दुकानात जे काम करत होते त्यापेक्षा कितीतरी बरं, राहायला ओळखीच्या घरात खोली, आणि माझ्या मनात कधीपासून होतं ते, स्वतःचं असं काहीतरी. पण माझा पाय निघेना. मी गेले तर या दोघांच्या मधे बोलणार कोण? एखाद्याला ताप आला, एखाद्याच्या छातीत दुखलं तर दुसऱ्याला सांगणार कोण? हा विनोद नव्हता. बाबांना शुगर होती, आईचा रक्तदाब वर-खाली व्हायचा. शेवटी मी मिलच्या मालकांना सांगितलं, दिवाळीपर्यंत येते, पुढचं मग घरची परिस्थिती बघून ठरवते. ते म्हणाले, दिवाळीला मला पक्कं सांगा, मग दुसरा माणूस बघायचा की नाही ते मी ठरवीन.

गेले. आणि जाताना केलेली सगळी काळजी वाया गेली, कारण दोघांकडेही फोन होते.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी आईचा फोन आला. "सांग तुझ्या बापाला, ताट वाढलंय." मी म्हटलं, बाबा कुठे आहेत? "हितंच, अंगणात." मी बाबांना फोन लावला. "सांग तिला, हात धुऊन आलो." मी आईला फोन लावला. आईच्या फोनमध्ये मला बाबांच्या हात धुण्याचा आवाज ऐकू येत होता. असं रोज. घरातून अंगणात जाणारा निरोप लातूरवरून जायचा. "काहून उशीर झाला म्हणावं." "मोटर जळली म्हणावं." "मग सांगायचं काय झालं होतं म्हणावं." आईचं बोलणं बाबांना तिथंच ऐकू जायचं, पण माझा फोन वाजेपर्यंत ते जागचे उठायचे नाहीत, जसं काही सरकारी आदेश यायचा राहिलाय. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, हिच्या घरी शेतीचा मोठा कारभार असणार.

आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मी वैतागले होते आणि त्यांच्यावर माझा जीवही तुटत होता, दोन्ही एकाच वेळी. घर आणि अंगण लातूरवरून जोडणारी मी एक तार होते. तारेनं नोकरी कधी करायची?

घाणा मात्र फोनवर चालेना. बाबा एकटेच टायर घालायला बघायचे. एकदा दोरीनं टायर बांधून बघितलं, एकदा त्यावर सोयाबीनचं पोतं ठेवलं, ते घसरलं आणि फुटलं. दोनदा घाईत पहारीखाली ट्यूब चिमटली आणि जुन्या पंक्चरशेजारी नवीन भोक पडलं. मग चाक मांडीवर आणि पुन्हा फाटा. पंक्चरवाल्यानं विचारलं म्हणे, "काका, मशीन शोभेला ठेवलं का?" बाबांनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पडलेला होता. मला फार वाईट वाटलं. मी मनाशी ठरवून टाकलं, दिवाळीला परत जायचं. मालकांना अजून सांगितलं नव्हतं एवढंच.

दिवाळी तोंडावर आली होती. हंगामाचे दिवस, मिलमध्ये तुफान काम, आणि सकाळी आईचा फोन आला.

"सांग तुझ्या बापाला, त्या घाण्याभवती सकाळधरनं फिरून राहिला. भाकर वाळून गेली."

बाबांना फोन लावला. ते धापा टाकत होते. "सांग तिला, टायर बसल्याबिगर जेवत न्हाई."

आईला लावला. आईचा आवाज बदलला. "अगं, शुगरची गोळी घेतलीया त्यानं. गोळी घेऊन उपाशी राहत्यात का? चक्कर येऊन पडंल तिथंच. सांग त्याला."

बाबांना लावला. "सांग तिला, मी काय लहान लेकरू न्हाई."

तेव्हा माझं डोकं सटकलं. समोर बिलांचा ढीग, मालक दारातून दोनदा डोकावून गेलेले. मी आईला फोन लावून जवळजवळ ओरडलेच. "आई, त्यांना सांगून काही होणार नाही. समोरून कुणीतरी दाबल्याशिवाय ते टायर जन्मात बसणार नाही. मी लातूरहून गुडघा कसा टेकवू? तू जा आणि बस त्या टायरवर. नाहीतर पडू दे त्यांना." आणि फोन ठेवला.

ठेवला तसा पुन्हा उचलला. असं बोलले म्हणून नव्हे. आई गोठ्यात पाय ठेवणार नाही आणि बाबा खरंच पडतील, म्हणून. मी लगेच बाबांना फोन लावला. त्यांनी तो उचलला, स्पीकरवर टाकला आणि गव्हाणीत ठेवला, दोन्ही हात पहारीवर होते म्हणून. मी म्हटलं, बाबा, आधी जेवा. तिकडून नुसती पहार वाजली. मग मला बांगड्या ऐकू आल्या. आई आली होती.

मग बाबा म्हणाले, "सांग तिला, पलीकडच्या बाजूनं बस म्हणावं."

"आई, पलीकडच्या बाजूनं."

सांगाडा करकरला. आई बसली. माझी आई तशी अंगानं भरलेली, माझ्या गुडघ्यापेक्षा कितीतरी भारी.

"सांग तिला, जराशी माझ्याकडं सरक."

"आई, जराशी सरक."

"आलं, आलं," बाबा म्हणाले, "थोडंच ऱ्हायलं..." आणि पहार घसरल्याचा ठणकन आवाज झाला. "अगं सरक की!"

मी फोन कानावर घट्ट दाबला. हे त्यांनी माझ्या आडून म्हटलं नव्हतं.

"आता तोंड फुटलं व्हय?" आई म्हणाली. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. "म्हैस इकताना इचारलं न्हाई. आता टायर अडलं तवा सरक म्हणता. उठते मी."

"उठू नको! निम्मं बसलंय, उसळंल सगळं!"

"उसळू द्या."

"अगं माझी पहार अडकलीया, हात निघंल माझा!"

आई उठली नाही. बाबांनी पहार सोडली नाही. त्या दोघांना तिथून हलता येत नव्हतं, शेत नाही, घागर नाही, समोरासमोर, मधे एक टायर. आणि आई बोलायला लागली. म्हशीचं सगळं काढलं तिनं. वगार आजारी होती तेव्हा पाजलेला काढा, पहिल्या वेताचा चीक गावभर वाटलेला, बारशाहून येताना म्हशीसाठी मावशीकडून आणलेली सरकी. ती पिशवीत तशीच होती म्हणे, खुंटा रिकामा बघितला तेव्हा. "एक शब्द इचारला असता. मी न्हाई म्हणले असते, मग इकली असती तरी चाललं असतं. पर इचारायचं. मी काय ह्या घरात दाव्याला बांधलेली हाय का?"

ती रडत होती. माझ्याही डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, समोरच्या बिलांवर.

बाबा मग पुटपुटले, "चुकलं."

"काय म्हणले?"

"चुकलं म्हणलं."

"मोठ्यानं म्हणा. पोरगी आयकून राहिली."

"चुकलं! इचारायला पाह्यजे होतं. लई चुकलं. पर आता उठू नको, माझी माय, तेवढं बसंस्तोवर बस."

आई हसली की रडली ते मला फोनवर कळलं नाही. तिनं अंग टेकून पुरा जोर दिला असावा, कारण सांगाडा पुन्हा करकरला, बाबांनी दम खाऊन ओढलं आणि टायर धप्पकन आत बसलं.

"बसलं," बाबा म्हणाले. "ऊठ आता."

"बसते जराशी," आई म्हणाली. "लई दिवसांनी आले हितं."

मग ती दोघं बोलत राहिली. म्हैस ज्यानं घेतली तो देगलूरकडचा होता, म्हैस तिथं बरी आहे का, याची बाबांनी मधे चौकशी केली होती म्हणे, पण सांगायचं कुणाला. आईनं विचारलं, दूध देते का. बाबा म्हणाले, देते. मी "हॅलो" म्हटलं. पुन्हा म्हटलं. कुणाचं लक्ष नव्हतं. आई म्हणाली, "चला, भाकर गरम करते, गोळी घेतलीया तुमी," आणि दोघांची पावलं घराकडे गेली. फोन गव्हाणीत तसाच राहिला.

तेवढ्यात मालक दारात आले. म्हणाले, दिवाळीनंतरचं काय ठरलं, राहताय ना? मी मान हलवून "राहते" म्हणाले. त्यांना वाटलं असेल, नोकरी पक्की झाली म्हणून हिला रडू आलं. फोन मात्र मी कानालाच धरून ठेवला. गोठ्यात कुणीच नव्हतं, दोघं आत जेवायला बसली होती, आणि मला ऐकू येण्यासारखं तिथं आता काही नव्हतं.